पाटील : हुद्दा गेला, नाव राहिले

आपल्या आडनावाचा मुळापासून विचार करण्याची पाळी माणसावर सहसा दोनच वेळा येते. एकदा सोयरीक जुळवताना आणि दुसऱ्यांदा कारखान्यातल्या फंडाचे पैसे नावाच्या घोटाळ्यामुळे अडकून पडतात तेव्हा. एरवी आडनाव हे अंगातल्या सदऱ्यासारखे असते. ते कोणी शिवले, कशासाठी शिवले, हे कोणी विचारीत नाही. परंतु कामगारांच्या हजेरीपटाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या आमच्यासारख्यांना हा विषय टाळून चालत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात कोणत्याही कारखान्याच्या सुटीच्या वेळी फाटकाशी उभे राहून ‘अहो पाटील’ अशी हाक मारावी. चारपाच माना एकदम वळतील. त्यांतला एक बदलापूरकडच्या खेड्यातला आगरी असतो, दुसरा जळगावकडचा लेवा, तिसरा सांगलीकडचा जैन, चौथा घाटावरचा मराठा. यांचे कूळ एक नाही, दैवत एक नाही, सोयरीकही होत नाही. मग नाव एक कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे आडनावांचा सारा कारखानाच आपल्यापुढे उघडा होतो.

आडनावे सामान्यतः तीन वाटांनी येतात. पहिली वाट गावाची. आपले ‘कर’ लागणारे सगळे या वाटेचे. अंबरनाथचे शिवालय ज्यांच्या राज्यात उभे राहिले, आणि जिथे शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख आहे, ते शिलाहार राजे उत्तर कोकणात राज्य करीत असूनही स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवीत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. मूळ गाव सुटले तरी नावातून सुटत नाही, ही खोड राजालाही होती. दुसरी वाट पूर्वजाची. उल्हासनगरातील आमचे सिंधी शेजारी पाहा. मीरचंदाणी म्हणजे मीरचंदाच्या वंशातले. सिंध सोडताना घरदार गेले, पण आजोबापणजोबांचे नाव ‘आणी’ लावून बरोबर आले. तिसरी वाट कामाची व हुद्द्याची. लोहार, सुतार, कुलकर्णी, देशमुख आणि पाटील हे या तिसऱ्या वाटेने आले.

‘पाटील’ हा शब्द संस्कृत लेखांतील ‘पट्टकिल’ या शब्दापासून आला असे अभ्यासक मानतात. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, गावाचे दान दिल्याची खबर ज्यांना द्यायची त्यांत या पट्टकिलाचा उल्लेख येतो. गुजरातेतील ‘पटेल’ हे याच शब्दाचे भावंड. पाटलाचे काम गावचा वसूल गोळा करणे, पड जमीन लागवडीस आणणे, तंटे मिटवणे, चोरीचा तपास लावणे. कुलकर्ण्याने लिहावे आणि पाटलाने निभवावे, अशी ही जोडी होती. कामाच्या बदल्यात त्याला इनाम जमीन मिळे, आणि पोळ्याला, होळीला पहिला मान मिळे. परंतु वसूल तुंबला म्हणजे सरकार प्रथम पाटलाचीच मान धरी, हेही विसरता कामा नये.

मराठेशाहीच्या कागदांत पाटलाला पुष्कळदा ‘मोकदम’ म्हटलेले आढळते. हा अरबी शब्द; त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’, पुढारी. आज बांधकामावर मजुरांची टोळी घेऊन येणारा मुकादम तो हाच. एकच शब्द एके काळी गावच्या मुख्याला लागत होता आणि आज टोळीच्या मुख्याला लागतो. आमच्या आगरी बांधवांत ‘म्हात्रे’ हे आडनाव फार. त्याचा संबंध ‘महत्तर’ या जुन्या शब्दाशी जोडला जातो. महत्तर म्हणजे अधिक मोठा, गावचा थोरला. सिंध्यांत पंचायतीच्या प्रमुखाला ‘मुखी’ म्हणतात, आणि तेही आज आडनाव आहे.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नाही. फ्रान्समध्ये ‘लमेर’ असे एक आडनाव आहे. तेथे ‘मेर’ म्हणजे नगराचा किंवा गावाचा प्रमुख, आणि तो शब्द लॅटिनमधील ‘अधिक मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. म्हणजे अर्थाने पाहिले तर फ्रान्सचा लमेर आणि कोकणचा म्हात्रे हे सख्खे भाऊ शोभतात! राज्यक्रांतीच्या काळात, 1794 साली, फ्रान्समध्ये कायदा झाला की जन्मनोंदीत जे नाव असेल तेच माणसाने वापरावे. त्यामुळे नाव बदलण्याची मोकळीक उरली नाही. हुद्दा एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतो, पण नोंदवहीत गोठलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. आपल्याकडे तेच काम महसुलाच्या दप्तराने आणि शाळेच्या पटाने केले.

आता पाटील इतके कसे झाले? याचे कारण आमच्या मते सरळ आहे. गाव तेथे पाटील, आणि गावे हजारो. शिवाय पाटीलकी हे वतन होते. ते वारसाने उतरे, भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. काम एकाने करावे, पण नाव साऱ्या भावकीने लावावे, असे होत गेले. मूळचे आडनाव मोहिते असो की विखे, पुढे ‘पाटील’ जोडले गेले. कित्येक घरांत मूळचे नाव गळून नुसते पाटीलच उरले. नावाला प्रतिष्ठाही मोठी होती. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती असलेले महादजी शिंदे पाटीलबावा म्हणूनच ओळखले जात.

परंतु या मानाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ज्या गावगाड्यात पाटलाला पहिला मान होता, त्याच गावगाड्यात महाराला वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबावे लागे. हे जोखड काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. स्वातंत्र्यानंतर वतने एकेक करून गेली. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, आणि 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही संपली. वसुलाचे दप्तर तलाठ्याकडे राहिले, गावचा कारभार निवडून आलेल्या सरपंचाकडे गेला. पोलीस पाटील आहे, पण 1967 च्या कायद्याप्रमाणे तो नेमलेला असतो, वंशाने आलेला नव्हे. म्हणजे हुद्दा गेला. नाव तेवढे राहिले.

राहिलेल्या या नावाचे काय करायचे? चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून खोतांविरुद्ध जो दीर्घ संप केला, त्याचे पुढारी नारायण नागू पाटील हे आगरी. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील हे मराठा. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढून गरिबांच्या मुलांना शाळेत आणणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन. तिघांनीही मान मागितला नाही. पुढे होऊन ओझे उचलले. ‘पट्टकिल’ या हुद्द्याचा जुना अर्थ यांच्या हातून खरा झाला असे आम्ही मानतो.

आणि तरीही नोकरी मागायला आलेल्या पोराला, भाड्याने खोली शोधणाऱ्या कुटुंबाला, अजून हळूच विचारले जाते : ‘पाटील? म्हणजे कोणते पाटील?’ हा प्रश्न नावाचा नसतो, जातीचा असतो. त्याला उत्तर इतिहासानेच दिले आहे. पाटील ही जात कधी नव्हतीच. ते एक काम होते. काम ज्याच्याकडे, नाव त्याचे. म्हणून आडनावावरून माणूस जोखणारा अन्याय तर करतोच, शिवाय त्याला आडनावही वाचता येत नाही. उलट नावाच्या जोरावर दुसऱ्यावर पाटीलकी गाजवू पाहणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की 1962 च्या कायद्याने ती रद्द झाली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. एकाच खात्यात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असतात, आणि इंग्रजी कागदात एखाद्या अक्षराच्या फरकाने पाटलाचा पटेल होतो. आधार, बँक आणि फंड या तिन्ही ठिकाणी स्वतःचे व वडिलांचे नाव एकसारखे लिहिलेले आहे ना, हे निवृत्तीची वाट न पाहता आजच तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर अवश्य तपासावे. पूर्वजांनी नाव कमावले ते कामाने. आपल्या कामाचा पैसा त्याच नावापायी अडू नये.