आधी डोह मोजा

एप्रिल-मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या देवळीजवळची यशोदा नदी पाहावी. पात्रात वाळू आणि गोटे उघडे पडलेले, धार जागोजागी तुटलेली. तरी नदी मेलेली नसते. वळणावळणावर डोह उरतात आणि मासे त्या डोहांत जीव धरून राहतात. पहिला पूर आला की तेच चढणीला लागतात, अंडी घालतात. उन्हाळ्यात एक डोह उपसला, तर नदीच्या त्या पट्ट्याचं बियाणंच गेलं. भोई-ढिवरांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर हीच गोष्ट उलट्या ऋतूत घडते. तिथला वैरी हिवाळा. बर्फ दोन मीटरपर्यंत जाड होतो, उथळ नद्या तळापर्यंत गोठतात आणि मासे झऱ्यांपाशी, खोल डोहांत एकवटतात. तेलाचा शोधही नेमका हिवाळ्यातच चालतो, कारण जमीन गोठल्याशिवाय जड यंत्रं नेता येत नाहीत. त्यांच्यासाठी बर्फाचे रस्ते बांधायचे, तर पाणी जवळच्या तळ्यांतून उपसायचं. म्हणजे माशांचा शेवटचा आसरा आणि ड्रिलिंगची गरज एकाच पाण्यावर येऊन ठेपते. अमेरिकेने 1980च्या कायद्यात तिथल्या आर्क्टिक वन्यजीव अभयारण्याच्या सुमारे 15 लाख एकर किनारपट्टीतल्या मासे-प्राण्यांचा आधी अभ्यास करायला सांगितलं. कॅरिबू हरणं जूनमध्ये कुठे वितात, ध्रुवीय अस्वलाची मादी बर्फात कुठे बीळ करते, मासे हिवाळा कुठे काढतात, हे कळलं तरच रस्ता कुठून न्यायचा ते ठरवता येतं. अहवाल 1987मध्ये आला. तेल काढावं की नाही, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला. पण निदान वादाला मोजमापाचा आधार होता.

आपण उलट दिशेने गेलो. केंद्र सरकारच्या 16 जानेवारी 2020च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधासाठीचं ड्रिलिंग 'बी-2' गटात टाकलं. या गटाला पर्यावरणीय आघात अहवाल लागत नाही, जनसुनावणीही नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. शोधाची विहीर तात्पुरती असते हे खरं, पण तिच्यासाठीही रस्ता होतो, पाणी उपसलं जातं, रसायनं मिसळलेला चिखल साठवावा लागतो.

त्याच वर्षी 27 मे रोजी आसाममधल्या बागजानची विहीर फुटली. ती उत्पादनाची विहीर होती, शोधाची नव्हे. पण मोजणीचं मोल तिथे कळतं. शेजारी मागुरी-मोटापुंग बिल ही पाणथळ जागा आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. जूनमध्ये आग लागली, ती विझायला नोव्हेंबर उजाडला. पाण्यात मेलेला डॉल्फिन सापडला. अशा वेळी किती गेलं हे ठरवायचं, तर आधी किती होतं ते कागदावर असावं लागतं. कागद नसेल तर मच्छीमाराच्या तोंडच्या हिशेबाला भरपाईच्या टेबलावर कोण विचारतो?

देवळीत तेलविहीर नाही. पण कारखाने, रस्ते, वाळूउपसा, धरणं आहेत, आणि तिथेही मोजणी अपुरीच होते. अनेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची पाहणी चालते. म्हणजे मासे चढतात आणि अंडी घालतात, तेच महिने वगळायचे! कधी हिवाळ्यात चार ठिकाणी जाळं टाकूनही माशांची यादी बनते. नदीचा जीव कुठे तगतो, ते तीत येत नाही. त्यासाठी मे महिन्यात प्रत्येक डोहाची खोली मोजावी लागेल, पाण्यातला प्राणवायू तपासावा लागेल, लहान-मोठ्या आसाची जाळी टाकावी लागतील. आणि या सगळ्याआधी त्या काठावर जाळं टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबत घ्यावं लागेल. कुठला डोह कधीच आटला नाही, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक?

तालुक्यात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली, तर किमान 30 दिवस आधी सूचना निघते आणि अहवालाचा मराठी सारांश पाहायला मिळतो. तो जरूर मागा. आणि सुनावणीत उभं राहून एवढंच विचारा: मासे कोणत्या महिन्यात मोजले?