चौतीस: वेरूळच्या लेण्यांची संख्या

चौतीस म्हणजे २ आणि १७ या मूळ संख्यांचा गुणाकार. तिचे विभाजक चारच: १, २, १७ आणि ३४. शेजारच्या ३३ आणि ३५ यांनाही चारच विभाजक आहेत. लागोपाठ तीन संख्यांच्या विभाजकांची संख्या सारखीच भरावी, असे सर्वांत लहान त्रिकूट हेच.

छंदशास्त्रातही ही संख्या भेटते. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा पाच प्रकारे भरता येतात: गुगु, ललगु, लगुल, गुलल, लललल. ओळीचे शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून प्रत्येक नवी संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. मराठी जातिवृत्तांतल्या पद्मावर्तनाच्या आठ मात्रांची मांडणी अशी ३४ प्रकारे होऊ शकते. हेमचंद्राने हा नियम बाराव्या शतकात सांगितला. ही श्रेणी ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

१ ते १६ यांची बेरीज १३६. त्या संख्या चार ओळींत समान वाटल्या की प्रत्येक ओळीला ३४ येतात. खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिरात असे चौतीसा यंत्र कोरलेले आहे:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

आडवे, उभे, कर्णाने किंवा कोपऱ्यातली चार घरे घेऊन बेरीज केली, तरी ३४ च येतात. नारायण पंडिताने १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणिताचा, म्हणजे अशा चौकोनांच्या गणिताचा, विस्ताराने विचार केला आहे.

जैन परंपरेत तीर्थंकरांचे अतिशय, म्हणजे अलौकिक गुणविशेष, चौतीसच मानतात.

हीच संख्या वेरूळलाही भेटते. दौलताबाद, खुलताबाद ओलांडले की वेरूळ येते. तिथल्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. त्यांतल्या मुख्य ३४ लेण्यांना क्रमांक आहेत. हे क्रमांक काळानुसार दिलेले नसून दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. हिंदू लेणी १७, तर बौद्ध आणि जैन मिळूनही १७, म्हणजे ३४ चे दोन समान भाग. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले कैलास लेणे सोळावे. शेवटचा, चौतिसावा क्रमांक जैन लेण्याचा आहे.