नागपूरचा मे महिना आणि प्रोसेसरचे तापमान

संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान मोजणारी यंत्रणा आज प्रोसेसरच्या आतच असते. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह वाहत असताना तापमान एका अंशाने वाढले, की त्याच्या टोकांमधला विद्युतदाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. ही घट मोजून तापमान काढले जाते. पूर्वी सॉकेटच्या पोकळीत बसवलेल्या थर्मिस्टरवर भागवत. तो चिपपासून दूर असल्याने त्याला उष्णता कळायला उशीर होई. इंटेलने २००६ च्या कोअर ड्युओपासून चिपमध्येच डिजिटल संवेदक बसवले. हे संवेदक मुळात ‘किती तापले’ हे सांगत नाहीत, तर कमाल मर्यादेपर्यंत किती अंश उरले तेवढेच सांगतात. ही मर्यादा डेस्कटॉपच्या अनेक प्रोसेसरांत १०० अंश सेल्सिअस असते. पडद्यावरचा आकडा त्यातून वजाबाकी करून येतो. म्हणून मर्यादेजवळचे वाचन भरवशाचे आणि थंड अवस्थेतले ढोबळ असते.

मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, तरीही ताप वाढत राहिला तर यंत्र बंद होते. २००१ मध्ये एका संकेतस्थळाने चालू संगणकाचा हीटसिंक काढून दाखवला होता: पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला, त्या काळचा अ‍ॅथलॉन मात्र क्षणात जळाला. आता प्रोसेसर सहसा जळत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. धूर निघत नाही, सूचनाही येत नाही. संगणक फक्त ‘हँग’ होऊ लागतो आणि दोष व्हायरसवर किंवा कमी पडणाऱ्या रॅमवर ढकलला जातो.

नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांवर गेले होते. रेसिडेन्सी रोडच्या आजूबाजूला पसरलेल्या सदरमध्ये, वर छप्पर तापलेल्या एखाद्या दुकानात किंवा वातानुकूलन नसलेल्या कार्यालयात, दुपारी खोलीतली हवाच ४० अंशांची असू शकते. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा खोली आणि चिप यांच्या तापमानातला फरक महत्त्वाचा.

समजा, प्रोसेसर ६५ वॅट उष्णता टाकतो आणि स्वच्छ हीटसिंकवर दर वॅटमागे अर्धा अंश तापमान चढते. मग फरक साधारण ३२ अंशांचा. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ५४ दाखवेल, मेमध्ये ७२. दोन्ही ठीक. आता पात्यांमध्ये धूळ दाटून हाच दर ०.९ झाला असे धरा. फरक ५८ वर जातो: जानेवारीत ८०, मेमध्ये ९८. हिवाळ्यात संगणक तक्रार न करता चालतो, नवतपाच्या कडक उन्हात मात्र रखडतो, आणि सगळे खापर उन्हावर फुटते. खरे तर दोष जानेवारीतच मोजता आला असता. तेच काम चालू असताना फरक ३२ वरून ५८ वर गेला, तर उष्णता बाहेर जाण्याची वाट अडली आहे, मग बाहेर ऊन असो वा नसो.

वैदर्भीय उपाय म्हणजे कूलर. हवा कोरडी असताना ओल्या ताट्यांतून आलेली हवा दहा अंशांहून अधिक उतरू शकते आणि चिपही जवळजवळ तेवढीच उतरते. पण झोत थेट कॅबिनेटवर असेल, तर उडणाऱ्या तुषारांमुळे धूळ ओली होऊन पात्यांवर थापली जाते. ती ब्लोअरनेही सुटत नाही. शिवाय जूनमध्ये मोसमी वारे आले, हवा दमट झाली, की कूलरचा हा फायदा जवळजवळ संपतो.

वाचनावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या रामदासपेठच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. शहराच्या परिसरातली दुसरी काही केंद्रे ४४ च्या आसपास होती. संवेदक बिघडल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. संगणकातही असे आकडे दिसतात. मदरबोर्डवरच्या न जोडलेल्या संवेदकाची जागा कधीकधी कायम १२७ अंश दाखवते. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये तर पंख्यांचे वर्तन सगळ्या प्रोसेसरांत सारखे राहावे म्हणून २० अंश मुद्दाम वाढवून सांगितले जात. ताळा साधा आहे: रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी सुरू करताच सगळे संवेदक खोलीच्या तापमानाच्या थोडे वर असायला हवेत. जो फार दूर असेल, त्याला वगळावे.

पाहण्याची साधने फुकट आहेत. बायोसच्या पानावर आकडे असतात, पण तिथे यंत्र जवळजवळ रिकामे असते. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स चालतात. टास्क मॅनेजर काही ग्राफिक्स कार्डांचे तापमान दाखवतो, प्रोसेसरचे नाही. हार्ड डिस्कचा आकडा तिच्या स्मार्ट नोंदीत मिळतो आणि तो ६० च्या बराच खाली असावा. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान बहुधा कुणीच दाखवत नाही. त्याचे आयुष्य मात्र तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते.

सफाईच्या आधी आणि नंतर तेच काम पंधरा-वीस मिनिटे चालवून प्रोसेसरचा आणि खोलीचा असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरावा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. एवढे करून फरक उतरला नाही, तर वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी लागते, किंवा हीटसिंकचा एखादा पाय मदरबोर्डवरून सुटलेला असतो.