कोळशाची रेघ

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसच्या बाजूस गेले असता कापसाची काळी, कसदार जमीन दृष्टीस पडते. कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाच्या खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली आहे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, वणीच्या परिसरात, जमिनीच्या पोटात निराळेच काळे धन आहे. ते म्हणजे दगडी कोळसा. वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात पाऊल टाकले, तरी कोळशाचा हा पट्टा संपत नाही. या पट्ट्यातच, राजुरा तालुक्यात, सास्ती हे गाव आहे. प्रभाकर पाचपुते या चित्रकाराचा जन्म १९८६ साली याच गावी झाला.

पाचपुते यांच्या घराण्यातील माणसे तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत राबली. कपाळावर दिवा बांधून अंधारात उतरणारा माणूस हा त्यांच्यासाठी गोष्टीतला नव्हता. तो घरातलाच होता. पुढे त्यांनी खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात मूर्तिकलेचे शिक्षण घेतले व २००९ साली पदवी मिळविली. १९५६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ एका जुन्या संस्थानाच्या राजवाड्यात भरते. तेथून ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि २०११ साली त्यांचा तेथील अभ्यासक्रम पूर्ण झाला.

शिक्षण मूर्तिकाराचे झाले. पण हाती राहिला तो कोळसा. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. चित्रकार वापरतो तो लोणारी कोळसा. झाडाच्या बारीक काटक्या हवा न लागू देता भाजल्या, म्हणजे त्या जळून राख न होता काळ्या, ठिसूळ कांड्या बनतात. या कांडीने ओढलेली रेघ गडद असते, बोटाने पसरता येते आणि फुंकरीनेही विस्कटते. दोन्ही कोळशांचे मूळ मात्र एकच. एका काळी उभी असलेली झाडेच त्या दोहोंत आहेत. एक कोट्यवधी वर्षे दबलेली, दुसरी काल भाजलेली.

पाचपुते केवळ रेघ ओढून थांबत नाहीत. मोठमोठ्या भिंतींवर ते कोळशाने चित्रे काढतात, त्यांच्या जोडीला लहान शिल्पे मांडतात आणि एकेक चित्र किंचित बदलून त्याचे छायाचित्र घेत घेत चलच्चित्रेही तयार करतात. निरनिराळी साधने एकाच कलाकृतीत अशी एकत्र आली, म्हणजे तिला मिश्र माध्यमातील कलाकृती म्हणतात. त्यांच्या चित्रांतील माणसांना पुष्कळदा डोके नसते. डोक्याच्या जागी एखादे अवजार, दिवा किंवा यंत्र असते. प्रथम पाहणाऱ्यास हे विचित्र वाटते. परंतु ज्या माणसाकडे सर्वजण केवळ कामाचे साधन म्हणून पाहतात, त्याचे चित्र याहून खरे कसे काढावे?

२०१२ साली मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले. त्याच्या नावात खाणीतल्या कॅनरी पक्ष्याचा उल्लेख होता. पूर्वी इंग्लंडमधील खाणकामगार हा लहानसा पिवळा पक्षी पिंजऱ्यात घालून बरोबर नेत. खाणीतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंगही नसतो आणि वासही नसतो. तो माणसास कळण्याआधी पक्षी कोलमडून पडे आणि कामगार बाहेर धाव घेत. ही प्रथा बंद करण्याचा निर्णय तेथे १९८६ साली झाला, म्हणजे पाचपुते यांच्या जन्मवर्षीच.

त्यांच्या कलेमुळे संग्रहालयांपुढे मोठा अवघड प्रश्न उभा राहतो. भिंतीवर काढलेले चित्र बहुधा प्रदर्शनापुरतेच टिकते. नंतर भिंत पुन्हा पांढरी होते. मग संग्रहालयाने जपावे काय? अशा वेळी चित्राची छायाचित्रे, मोजमापे, वापरलेल्या साहित्याची यादी आणि कलावंताच्या सूचना यांची बारकाईने नोंद ठेवावी लागते. कागदावरील कोळशाची चित्रे जपणेही सोपे नसते. ती चौकटीत बसविताना काच चित्रास चिकटणार नाही इतके अंतर राखतात. काचेऐवजी साधे ॲक्रिलिक सहसा लावीत नाहीत. कारण त्यावर साचलेली स्थिर विद्युत कोळशाचे कण कागदावरून ओढून घेते. कागद पिवळा पडू नये म्हणून उजेडही सुमारे ५० लक्स इतका मंद ठेवतात. संग्रहालयात फार अंधार असतो अशी तक्रार आपण करतो, तिचे उत्तर पुष्कळदा हे असते.

युरोपातील वेल्स हाही कोळशाच्या खाणींचा देश. तेथील कार्डिफ शहरातून दिल्या जाणाऱ्या ‘आर्टेस मुंडी’ या पारितोषिकासाठी निवडलेल्या सहा कलावंतांत पाचपुते होते. खाणकामगारांच्या मोर्च्यांतील निशाणे व फलक यांचा आधार घेऊन त्यांनी विदर्भातील आणि वेल्समधील कामगारांना आपल्या कलाकृतींत जवळ आणले. २०२१ साली ते पारितोषिक सहाही जणांना मिळून देण्यात आले. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या विख्यात द्वैवार्षिक प्रदर्शनातही त्यांची कलाकृती मांडली गेली.

वेल्समध्ये ‘बिग पिट’ नावाची एक खाण आहे. १९८० साली ती बंद पडली आणि १९८३ साली तीच संग्रहालय म्हणून खुली झाली. पाहुण्यांना शिरस्त्राण व दिवा देऊन सुमारे ९० मीटर खोल नेतात, आणि ज्यांनी आयुष्यभर खाणीत घाम गाळला अशी माणसेच त्यांना सारे समजावून सांगत आली आहेत. उघड्या खाणीचे मात्र असे नसते. तिच्यात बोगदा नसतो. वरची माती व खडक काढून टाकून कोळसा उपसतात. म्हणजे शेत आधी जाते, मग त्याखालचा कोळसा. मागे उरतात एक प्रचंड खड्डा आणि त्याच्या काठचे मातीचे डोंगर. जेथे शेताची बांधबंदिस्तीच राहिली नाही, तेथे ती कशी होती हे दाखविण्याचे काम एखाद्या मऊ, पुसट होत जाणाऱ्या रेघेवर येऊन पडते; आणि ती रेघ काचेआड, मंद उजेडात ठेवलेली असते.