ग्रहण नव्हे, गुणसूत्रं

गरोदर सुनेला ग्रहणात विळीला हात लावू न देणारी घरं कोल्हापूर जिल्ह्यात अजून आहेत. बाळ सहा बोटांचं किंवा वाकड्या पावलाचं जन्मलं, की पहिला प्रश्न तिलाच: ग्रहण पाळलं होतंस ना?

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास हातांचे कोंब फुटतात, एक-दोन दिवसांनी पायांचे. आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात. पाचव्या महिन्यातलं ग्रहण काय बिघडवणार? गुणसूत्रांतला बिघाड तर त्याहून आधीचा. बहुतेकदा स्त्रीबीज तयार होतानाच एक जोडी नीट विलग होत नाही आणि बाळात ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं येतात. आईच्या पस्तिशीनंतर ही शक्यता वाढते. विळीने नाही.

जाणता बालरोगतज्ज्ञ आधी मूठ पाहतो. अठरावं गुणसूत्र एक जादा असलं (एडवर्ड्स सिंड्रोम), तर मूठ घट्ट आवळलेली, तर्जनी मधल्या बोटावर नि करंगळी अनामिकेवर चढलेली दिसते. पायाचा तळवा खाली फुगलेला असतो. अशी बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. तेरावं जादा असलं (पटाऊ), तर करंगळीशेजारी आणखी एक बोट आढळतं. टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र कमी) असलेल्या मुलीचे हातपाय जन्मतःच सुजलेले असू शकतात. डाउन सिंड्रोमच्या खुणा सौम्य: आत वळलेली करंगळी, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात रुंद फट, तळहातावर एकच आडवी रेघ.

ही रेघ मात्र ठणठणीत माणसांच्या हातावरही असते. नुसतं सहावं बोटही अनेकदा घराण्यातूनच आलेलं असतं. सोबत हृदयाचा दोष, अंगाचा ढिलेपणा किंवा वाढ खुंटलेली असेल, तर रक्ताची कॅरिओटाइप (गुणसूत्रांची) तपासणी हवीच.

फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत डाउन सिंड्रोम, वाकडं पाऊल आणि निखळलेला खुबा, तिन्ही आहेत. पहिले सहा आठवडे आशाताई घरी येतात. दृष्ट लागेल म्हणून बाळ झाकून ठेवू नका. दुपटं सोडून हातपाय दाखवा. शंका आली तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय, म्हणजे आपला थोरला दवाखाना, गाठा. नुसतं वाकडं पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लॅस्टर सुरू केल्यास बहुधा सरळ होतं.

कॅरिओटाइपचा कागद मात्र जपा. गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटल्याचं त्यात निघालं, तर पुढच्या गरोदरपणाआधी आई आणि वडील, दोघांचंही रक्त तपासून घ्या.