चेहऱ्याला मार लागला, तर आधी श्वास पाहा



वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. तालुका कोणताही असो, शेतात, बाजारात, विहारात जायचे तर मोटारसायकलच. वाटेत अंधारात दिवा न लावता उभी ट्रॉली, उखडलेली गिट्टी, वाळत घातलेले सोयाबीन. गाडी आदळली की माणूस पुढे फेकला जातो आणि हेल्मेट नसेल तर मार थेट तोंडावर बसतो.

चेहऱ्यात रक्तवाहिन्या पुष्कळ, म्हणून लहान जखमेतूनही खूप रक्त येते. जमलेले लोक ते पाहून घाबरतात. पण पहिल्या काही मिनिटांत रक्तापेक्षा मोठा धोका श्वास अडण्याचा असतो. आपली जीभ खालच्या जबड्याला पुढच्या बाजूने जोडलेली असते. जबडा दोन्हीकडून मोडला की ती मागे सरकून घसा बंद करू शकते. त्यात बेशुद्ध माणसाला उताणे ठेवले तर रक्त, तुटलेले दात, उलटी घशात उतरते. चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूची हानी सुरू होते.

काय करावे

१. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.
२. जखमी शुद्धीवर असेल आणि पुढे वाकून बसू पाहत असेल तर बसू द्या. बळेच आडवे करू नका.
३. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा, म्हणजे रक्त बाहेर गळेल. दोघा-तिघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून वळवावे.
४. तोंडात दिसणारा दात किंवा माती काढा. दिसत नसेल तर आत बोट फिरवू नका.
५. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा.
६. डोक्यात हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते ओढू नका, फक्त काच वर करा. श्वास अडत असेल तर एकाने मान स्थिर धरावी, दुसऱ्याने हेल्मेट सावकाश काढावे.
७. श्वास थांबलाच तर उताणे करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

काय करू नये

पाणी पाजू नका. जखमेत हळद, चहापावडर, चुना भरू नका. नाका-कानातून पाण्यासारखे गळत असेल तर बोळा घालू नका. ती कवटी मोडल्याची खूण असू शकते. बेशुद्ध माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

दवाखान्यात नुसते टाके घालून परतू नका. दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, एकाचे दोन दिसतात, गाल बधिर झाला, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना हाड मोडले का ते विचारा. जबड्याच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. मुळासकट पडलेला पक्का दात पांढऱ्या भागाला धरून दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा.

आता भीतीबद्दल. पोलीस स्टेशनचा अनुभव आपल्या वस्तीला काही नवा नाही, म्हणून "केस मागे लागेल" म्हणत माणसे दूर उभी राहतात. वाहनाची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला दवाखान्याने पोलीस केस म्हणून घेतले नाही, दुसरीकडे पाठवले आणि वाटेतच तो गेला. त्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली निकाल लागला: आधी उपचार, कागदपत्रे नंतर. हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचाराची तरतूद आहे. दाखल करताना ती मागा.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात दगावले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे मागे बसणाऱ्या आई-बहिणीलाही हेल्मेट हवे. कायदाही तेच सांगतो. आयएसआय खुणेचे, हनुवटी झाकणारे घ्या आणि पट्टा लावा. अर्धे टोपीसारखे हेल्मेट जबडा वाचवत नाही. १४ एप्रिलच्या रॅलीत निळ्या फेट्याखाली डोके उघडेच असते, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. फेटा मिरवणुकीत पायी चालताना बांधा.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून निजवले, ही कथा आपण विहारात ऐकतो. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबा. एकाला जमिनीवर झोपवा आणि तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवून पाहा. गावातल्या आशाताईंना किंवा नर्सताईंना दाखवायला बोलवा. वीस जणांच्या हाताला ही सवय लागली, तर रस्त्यावर पडलेल्या कुणा एकाचा श्वास चालू राहील.