वर्डप्रेसची खरी किल्ली : डब्ल्यूपी-कॉन्फिग

वर्डप्रेसवर ब्लॉग सुरू करताना सगळे थीम निवडण्यात रमतात. माझं म्हणणं, आधी डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाईल उघडा. डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट, सगळं तिथंच साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणून तिची परमिशन ६०० किंवा ६४० ठेवा. ७७७ तर कधीच नको. ब्लॉगसाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा, रूट युजर देऊ नका.

कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' आहे ना, हेही बघा. जुनं टेबल लॅटिन१ मध्ये असेल तर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि एकदा तशी साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे त्याच फाईलमधल्या आठ गुप्त कीज आणि सॉल्ट. लॉगिनच्या कुकीज त्यांच्या भरवशावर सुरक्षित राहतात. कुणी आत शिरल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलाच, पण या आठही ओळी बदला. वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवर त्या आयत्या तयार करून मिळतात. फाईल सेव्ह केली की लॉगिन असलेले सगळे, घुसखोरासकट, त्याच क्षणी बाहेर!